सव्विसावा माणूस

“इस्वास नाई बसनार तुमचा,” ड्रिल मशीन बंद करत शालिकराम म्हणाला. “कोनाचाच बसला नाई आजवर. पन माह्या एका जुन्या कोटापाई सरकारनं अंटार्टिकातली मानसं एका दिवसात तीनदा मोजली. पंचवीस होतो आमी. तिन्ही बारीनं पंचवीसच भरलो. आन साहेब म्हनत, सव्वीस पायजेत!”

“झालं सुरू,” बाकावरून खुमेंद्र म्हणाला. “माही मोटर कोन भरल, तो सव्विसावा?”

खुमेंद्र रहांगडाले बारा एकर धानाचा धनी. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, ऐन जोरात होता, बांध्यांतलं पाणी आटत चाललं होतं, आणि विहिरीवरची मोटर आदल्या दिवशी जळाली होती; तिची जळालेली तार काढून नवी भरून घ्यायला तो आला होता. लाइनीचा दाब कमी असताना मोटर चालवू नको, हे शालिकरामने त्याला दर हंगामात सांगितलं होतं आणि दर हंगामात त्याने ते कानाआड केलं होतं. अशा माणसाला बाकावर ताटकळत बसवण्यात शालिकरामला फार सुख वाटे. सडक अर्जुनीत महामार्गाला लागून ढाब्यांच्या रांगेत शेवटचं दुकान त्याचं. मोटरी जळायच्या थांबल्या असत्या तर दुकान बसलं असतं. पण माणसांच्या अकलेवर त्याचा भरवसा होता, तसं काही होणार नव्हतं.

दुसरा श्रोता नवा होता, आणि कथा खरं तर त्याच्यासाठीच होती. राजदीप त्याचं नाव. नागपूरहून आलेला, वय सव्वीस-सत्तावीस, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आणि पायात असे पांढरेशुभ्र बूट की सडक अर्जुनीच्या चिखलाने त्यांच्याकडे आशेने पाहावं. तालुक्यात आपोआप चालणारं हवामान केंद्र बसवायला तो आला होता. शाळेच्या मागच्या पटांगणात एक लोखंडी खांब. त्यावर वारा मोजणाऱ्या तीन वाट्या, उन्हाची काळी पाटी, पाऊस मोजायचं नळकांडं. माणसाचं काम नाही. यंत्रच मोजणार, यंत्रच उपग्रहाला कळवणार, आणि उपग्रह नागपूरला. एवढी सगळी अक्कल भरलेल्या यंत्राच्या खालच्या पाटीची भोकं मात्र सिमेंटातल्या बोल्टांशी जुळत नव्हती, म्हणून ती अक्कल टेम्पोत घालून शालिकरामच्या दुकानात आणावी लागली होती.

“काका, चार होल मारायचे आहेत फक्त,” मोबाइलवरची नजर न काढता राजदीप म्हणाला. “आणि त्या वाट्यांना हात नका लावू. बेअरिंग सीलबंद आहे.”

शालिकरामने वाट्यांचं चक्र मघाशीच उचलून हातात घेतलं होतं. त्याने ते कानाजवळ नेलं आणि बोटाने फिरवलं.

“सीलबंद हाये, पन आतून रडून राहिलं,” तो म्हणाला. “रेती गेली. टेम्पोत उघडं आनलं न?”

“ते कंपनी टेस्टेड आहे.”

“कंपनी टेस्टेड हाये तं मंग खालचे होल काऊन चुकले, जी?”

मेकॅनिकला उत्तर देणं राजदीपच्या कामाच्या यादीत नव्हतं. त्याने पिशवीतून एक छापील कागद काढून मांडीवर ठेवला. तो कागद पाहिला आणि शालिकरामचा हात वाट्यांवरच थांबला.

देखभालदाराचा अर्ज होता तो. खांबाला शेळ्या बांधू द्यायच्या नाहीत, उन्हाची पाटी पुसायची, काही बिघडलं तर फोन करायचा, एवढंच काम. त्यासाठी गावातला एक माणूस नेमायचा होता, आणि तो आजच. खुमेंद्रने आपल्या साळ्याचं, दुलीचंदचं नाव सकाळीच पुढे केलं होतं. दुलीचंद शाळेमागेच राहत होता आणि त्याला दिवसभर काही काम नव्हतं. खुमेंद्रच्या मते ही त्याची लायकी होती.

शालिकरामला ते काम हवं होतं. किती हवं होतं हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. सरकारी नोकरीत मेकॅनिक असताना तो एकदाच दूर गेला होता, सोळा महिन्यांसाठी, जगाच्या तळाशी. परत आल्यावर त्याच्या सेवापुस्तकात लाल शाईने एक ओळ पडली: सदर कर्मचाऱ्यास यापुढे कोणत्याही वैज्ञानिक उपकरणाजवळ पाठवू नये. तेव्हापासून, आधी नोकरीत आणि मग या दुकानात, तो फक्त जळालेल्या मोटरींजवळ होता. आज सात वर्षांनी एक वारा मोजणारा खांब आपण होऊन त्याच्या दुकानात चालत आला होता, आणि त्याची राखण दुलीचंद करणार होता, जो स्वतःच्या अंगावरची माशीही दुसऱ्याला हाकलायला सांगतो.

“जास्त काही नाही,” राजदीप खुमेंद्रला सांगत होता. “मेन डोकेदुखी पाखरांची. बगळे, कावळे येऊन बसतात. पाटीवर घाण करतात, पावसाच्या फनेलमध्ये काड्या टाकतात. मग फनेल चोक होतं आणि आम्हाला नागपूरला वाटतं, पाऊसच नाही. मागच्या साली एका गावात पूर आला होता आणि आमच्या रेकॉर्डला दुष्काळ.”

“पाखरं?” शालिकराम म्हणाला. त्याने वाट्यांचं चक्र टेबलावर ठेवलं आणि स्टूल ओढून घेतलं. “मंग साहेब, तुमी बराबर दुकानात आले. बसा. तुमाले सव्विसाव्याचं सांगतो.”

“आधी होल, काका.”

“बिट गरम झाली. थंडी होऊ द्या.”

बिट गरम झाली नव्हती.

“तुमाले वाटत असल का अंटार्टिका म्हनजे बरफ,” त्याने सुरुवात केली. “बरफ तं फ्रिजातबी असते. तिथं डिझल गोठते. सकाळी बॅरल उघडावं, सुरीनं डिझलच्या वड्या पाडाव्या आन गाडीच्या टाकीत टाकाव्या. पेंग्विन रांगेत उभे राहत, राशनच्या दुकानासमोर राहतात तसे. एकानं माहा बारा नंबरचा पाना नेला. आजून देला नाई.”

“खोटं बोलून राहिला, साहेब,” खुमेंद्र म्हणाला. “पेंग्विनाचं खरं असल. डिझलचं सप्पा खोटं.”

शालिकरामने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. लोकांचं असंच होतं. डिझेल थिजतं हे खरं होतं, आणि त्याच्यावर आजवर कोणी विश्वास ठेवला नव्हता. पेंग्विनने पाना नेल्याची गोष्ट मात्र गोंदियापर्यंत पोहोचली होती. अशा जगावर खरं वाया घालवण्यात काय अर्थ होता?

“आमच्या तळापासून चार किलोमीटर दूर असाच खांब होता,” तो राजदीपकडे वळला. “तुमच्या खांबापेक्षा बुटका. वाट्या माह्या छातीच्या वर, एवढ्यावर. सोबत एक क्यामेरा. मानूस लागत नाई, आपोआप. वारा मोजावा आन उपग्रहाले सांगावं. दिवसातून एक फोटो काढावा आन धाडावा. इकडं आपल्या देशात बसले होते चंद्रशेखर साहेब. मोठे शास्त्रज्ञ. खोली गरम, चहा गरम, खुर्ची फिरती. बरफ त्यायनं सरबतात पाह्यला असल. तो फोटो ते इंटरनेटवर टाकत, का साऱ्या दुनियेनं पाहावं म्हनून.”

“पब्लिक डोमेन,” राजदीप म्हणाला. त्याने पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला होता.

“हो. आन दुनियेनं काय पाह्यलं? घंटा. रोज एकच फोटो. खांब आन बरफ. बरफ आन खांब. साऱ्या दुनियेतून दोघी जनी तो फोटो पाहत होत्या, आन त्या गोंद्यात. माही बायको आन पोट्टी.”

हे बोलताना त्याने रस्त्याकडे नजर टाकली. त्याची मुलगी अल्का यायची वेळ झाली होती. तिच्यासमोर तो ही कथा सांगत नसे.

त्या वर्षी त्याची बायको भागीरथा अल्काला घेऊन मुर्रीला माहेरी राहिली होती. अल्का दहावीला होती. दर रविवारी दोघी मुर्रीहून चालत गोंदियाला स्टेशनाजवळच्या नंदलालच्या सायबर कॅफेत येत. नंदलाल ते पान उघडून देई. फोटो वरून खाली एकेक पट्टी उतरत यायचा. आधी आभाळ, मग खांब, मग बर्फ. भागीरथा पदर सावरून त्या पडद्यासमोर अशी बसे की जणू पलीकडून कोणी तिला पाहत आहे.

“मंग पाखरं आली,” शालिकराम म्हणाला. “तिथं एक पाखरू असते, घारीएवढं. जातीचं लुटारू. आमच्या हातातला पराठा न्यावा. ते त्या खांबावर बसे आन तार टोची. आता तार तुटली तं यंत्र गेलं. साहेब लोक तळावर मीटिंग घेऊन राहिले. एक म्हने, जाळी लावू. एक म्हने, आवाज करू. म्या म्हनलं, बापा हो, तुमी कदी धान केला का? धानाच्या बांधीत पाखरू आलं तं मीटिंग घेते का कोनी?”

“बुजगावनं!” खुमेंद्रच्या तोंडून निघून गेलं. मोटर तो क्षणभर विसरला होता.

“बुजगावनं. एका बॅरलात गोटे भरले. लोखंडी अँगलची फुली वेल्डिंग केली. डोक्याले किचनची फुटकी देगची. आन माहा नारंगी कोट, सरकारी, दुसरा जुना होता तो. डावा खांदा जरा झुकला, कारन अँगल कमी पडला. खांबाची बॅटरी बदलाले साहेब लोकायले घेऊन गाडी जानार होती, चालवनारा मीच. ते बॅटरीत मुंडकं घालून बसले, तवर म्या बुजगावनं उतरवलं आन खांबाजवळ रोवून टाकलं. तीन बाजूनं तारा ताणल्या. शंभरच्या वाऱ्यानं हाललं नाई. पाखरू पुन्हा आलं नाई.”

राजदीप हसला. त्याचं हसणं चांगल्या माणसाचं होतं. बुटांवरून तसं वाटत नव्हतं. “कमाल आहे, काका. म्हणजे स्वतःचा कोट देऊन इन्स्ट्रुमेंट वाचवलं?”

“मंग!”

पण हे सगळं असं झालं नव्हतं, आणि हे शालिकरामइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. पाखरं होती, तार टोचत होती, मीटिंगही झाली होती. परंतु ती मीटिंग चालू असतानाच तिकडचा उन्हाळा संपला, पाखरं उडून गेली आणि साहेबांनी ठराव पास करून फाइल बंद केली. त्यानंतर एका रविवारी त्याच्या वाट्याची दोन मिनिटं आली. दर आठवड्याला उपग्रहाच्या फोनवरून प्रत्येकाला दोन मिनिटं मिळत. मुर्रीतल्या एसटीडीवर भागीरथा येऊन बसलेली असे. त्या दिवशी तिने अल्काचे मार्क सांगितले, म्हैस व्याल्याचं सांगितलं आणि उरलेल्या वेळात म्हणाली, “फोटोत नुसता खांब दिसते जी. तीन महिने झाले, नुसता खांबच पाहून राहिलो. तुमी तिकडं जात नाई का कदी?”

“जातो न,” शालिकराम म्हणाला होता. “आता रोज जाईन. तू पाहात राय.”

फोन कापला गेला. रोज जाणं सोडाच, हिवाळ्यात तळाचं दार उघडायलाही साहेबांची सही लागे. तो गॅरेजमध्ये गेला आणि अँगल कापायला घेतला.

हा भाग त्याच्या कथेत कधीच येत नसे.

अल्का आली तेव्हा कथा वाऱ्यापर्यंत आली होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात तपासायच्या वह्या. ती शाळेत तासिकेवर विज्ञान शिकवायची. मुख्याध्यापकांनीच तिला पाठवलं होतं. अर्जावर साक्षीदार म्हणून शाळेतल्या कोणाची तरी सही लागणार होती. बापाचा आवाज ऐकून तिने सगळं ओळखलं. डबा खिडकीत ठेवला, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली आणि वही उघडली.

शालिकराम अडखळला. पण मधेच थांबलेला गप्पीदास आणि मधेच अडकलेला पंप, दोघांचीही सारखीच शोभा होते. तो पुढे निघाला.

“आता गंमत पाहा, साहेब. हे वाट्याचं चक्र घ्या.” त्याने चक्र उंच धरलं. रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि त्याच्या वाऱ्याने वाट्या फिरू लागल्या. शालिकरामने दुसऱ्या हाताचा पंजा वाऱ्याच्या बाजूने आडवा धरला. वाट्या मंदावल्या. “समजलं? तिथला वारा कदीबी एकाच अंगानं येते, वरच्या बरफावरून खाली. आन त्याच अंगाले माहा सव्विसावा उभा! इकडं चंद्रशेखर साहेबाच्या कागदावर वारा गायब. बाकी साऱ्या अंटार्टिकात तुफान, आन या एका जागी देवळातल्यासारखं शांत. साहेबानं आमाले विचारलं का, खांबाजवळ काही हाये का म्हनून? नाई. मोठ्या मानसाले विचाराची लाज वाटते. त्यायनं लेख लिहला. म्हने, आमी शांत वाऱ्याचा पट्टा शोधून काढला. परदेशात जाऊन वाचला. टाळ्या! माह्या कोटाच्या पाठीले टाळ्या, खुमेंद्रभाऊ!”

खुमेंद्र मांडीवर थाप मारून हसला. “आन त्याच्यावर तं या साहेब लोकायची नोकरी चालते.”

“मंग तिथं अंधार पडला. दोन महिने सूर्य निघत नाई. फोटो कारा. ऑगस्टात ऊन आलं तसा फोटो उजळला, आन इकडं कोन्या शिपायानं चंद्रशेखर साहेबाले म्हनलं, साहेब, हा मानूस कोन उभा हाये? शिपायाले दिसलं, साहेबाले दिसलं नव्हतं. झाला गोंधळ! चार महिन्यांपासून मानूस बाहेर उभा! फोन आला: मानसं मोजा. मोजली. पंचवीस. पुन्हा मोजा. पंचवीस. तिसऱ्या बारीनं प्रत्येकाची सही घेतली, अंगठ्यासकट. साहेब म्हने, मंग फोटोत सव्विसावा कोन? म्या सांगतलं, जी, तो माहा मानूस होय. त्याले राशन लागत नाई, पगार लागत नाई, आन तुमच्यापेक्षा जास्त टाइम तो यंत्राजवळ उभा हाये.”

राजदीप आता मनमोकळा हसत होता. “मग तुम्हाला काही झालं नाही?”

“चौकशी झाली. म्या लिहून देलं, पाखरासाठी लावलं. फाइलवाल्यानं शिक्का मारला. आन लाल शाईनं एक ओळ लिहली.” ती ओळ काय होती ते मात्र त्याने सांगितलं नाही.

“पटलं,” राजदीप म्हणाला आणि पेन काढलं. “रेकॉर्ड बिघडवलं ते चूकच. पण इन्स्ट्रुमेंटची काळजी असलेला माणूस मिळत नाही. इथे काही उभं नाही करायचं हं, काका. नाव सांगा पूर्ण.”

खुमेंद्र ताठ बसला. “अन् दुलीचंद?”

“दुलीचंदना पाखरांचा काही अनुभव आहे?”

खुमेंद्रने विचार केला. “त्याच्या घरी कबुतरं हायेत.”

“शालिकराम तुकाराम मेश्राम,” शालिकराम म्हणाला. नाव सांगताना तो स्टुलावरून उठला होता. ते त्याच्या लक्षात आलं नाही. राजदीप लिहीत होता. नाव, वय, गाव, धंदा. अनुभवाच्या रकान्यात त्याने सुबक अक्षरात लिहिलं: अंटार्क्टिका येथे स्वयंचलित केंद्राचे पक्ष्यांपासून संरक्षण. मग कागद कोपऱ्यातल्या टेबलावर सरकवला.

“मॅडम, इथे साक्षीदाराची सही. ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.’”

अल्काने वही बंद केली आणि कागद वाचायला घेतला.

शालिकरामला आता कोणी आवरू शकत नव्हतं. सात वर्षांचं ओझं उतरलेल्या माणसासारखा तो दुकानात दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे करत होता. ड्रिल उचलली, ठेवली. वाट्यांचं चक्र पुन्हा उचललं.

“आन वयनी?” खुमेंद्रने विचारलं. साळा गेला तर गेला, त्याला आता गोष्ट पुरी हवी होती. “तिले काय वाटलं फोटो पाहून?”

“तिले?” शालिकराम हसला. “तिले वाटलं, मीच होय! फुकटात दोन कामं. पाखरं तं पाखरं, बायकोबी गप्प. चांगली हुशार बाई, बाजारात कोनाच्या बापाकडून फसली नाई, आन देगचीच्या डोक्याले चार महिने नवरा समजून राहिली. साहेब फसले, सरकार फसलं, बायको फसली. तीन वर्सं झाली तिले जाऊन. शेवटपर्यंत समजलं नाई तिले.”

अल्काने पेनाचं टोपण लावलं.

“बाबा, पाखरं तं मार्चातच उडून गेली होती,” ती म्हणाली. “तुमचा कोट एप्रिलात उभा राह्यला. हे खोटं हाये.”

शालिकरामने टेबलावरचा लोखंडाचा कीस हाताने झाडला.

“आता महिन्याचं कोन ध्यानात ठेवते,” शालिकराम म्हणाला. “आलं असल एखादं मांगं राह्यलेलं.”

“एकबी नव्हतं. तुमी फोनवर आईले सांगतलं होतं, सारी पाखरं गेली, आता आमीच उरलो. मी तिच्या बाजूले उभी होती.”

“मग बुजगावणं कशासाठी होतं, काका?” राजदीपने विचारलं.

ज्या माणसाने साहेबांना उत्तर दिलं होतं, चौकशीला उत्तर दिलं होतं, आणि पेंग्विनच्या वतीनेही उत्तर दिलं असतं, त्याने या पांढऱ्या बुटांच्या पोरासमोर वाट्यांचं चक्र हळूच टेबलावर ठेवलं. रस्त्यावरून वाहनं जात होती आणि वाट्या थोड्या फिरून थांबत होत्या.

अल्काने पेनाचं टोपण पुन्हा काढलं. अनुभवाच्या रकान्यातली ओळ तिने एका सरळ रेघेने खोडली, जशी ती पोरांच्या वहीतली चूक खोडत असे. वरचा मजकूर पुन्हा एकदा वाचला. नाव, वय, गाव, मोटर मेकॅनिक. मग खाली सही केली.

राजदीपने कागद घेतला. खोडलेल्या ओळीकडे पाहिलं, शालिकरामकडे पाहिलं. त्या रकान्यात दुसरं काही लिहावं असं त्याला वाटलं असेल, पण त्याने लिहिलं नाही. कागदाची घडी करून पिशवीत टाकली आणि म्हणाला, “होल झाले की सांगा, काका. खांब आपण दोघं उभा करू. आणि ते बेअरिंग पण पाहून घ्या.”

“माही मोटर...” खुमेंद्र म्हणाला, आणि बाकावर परत टेकून बसला.

अल्काने खिडकीतला डबा आणून बापासमोर ठेवला. झाकण उघडलं. कांद्याचा तुकडा बाजूला काढला. मग त्याच्याकडे न पाहता म्हणाली,

“आन आई फसली, हेबी खोटं हाये. पयल्याच ऐतवारी वळखलं तिनं. मले म्हने, तुह्या बापाले एका जागी दोन मिनिटं उभं राह्यलेलं म्या कदी पाह्यलं नाई, हे तं आपल्या बांधीतलं बुजगावनं होय, डावा खांदा पाह्य. मंग अंधाराचे दोन महिने फोटो कारा होता, नंदलाल म्हने, बाई, इसमें कुछ नहीं है, घर जाओ, तरी ती दर ऐतवारी अर्धा घंटा त्या काऱ्या पडद्यासमोर बसे. म्या म्हनलं, बाबाले फोनवर सांगू का, तुले समजलं म्हनून? तं म्हने, नको सांगू. एवढ्या थंडीत जाऊन रोवलं त्यायनं.”